यशोधनला पुण्याला पाठवायचं?

अगं, सगळं सुरू झालं ते चहावरून. म्हणजे झालं व्हिसावरूनच, पण सुनीतीला विचाराल तर ती चहाच सांगेल.

लंडनच्या एजवेअरला हाय स्ट्रीटवर चष्म्याच्या दुकानाच्या डोक्यावर एक ऑफिस आहे. जिना इतका अरुंद की समोरून कोणी आलं तर एकाला परत खाली उतरावं लागतं. तिथे वरदा बसते. इमिग्रेशन सॉलिसिटर, म्हणजे व्हिसाची वकील, मूळची पुण्याची, यशोधनची कॉलेजातली ओळखीची. 'ओळखीची' हा शब्द यशोधनचा बरं का, माझा नाही. तर वरदा तीन कप घेऊन आली. सुनीतीला विचारलं, "शुगर?" यशोधनला काही विचारलंच नाही. त्याच्या कपात सरळ साखर घातली, एक, दोन, वर अजून थोडी, आणि म्हणाली, "धन्या, नीट ढवळून घे. तळाशी राहते आणि मग बोंबलत बसतोस."

धन्या!

सुनीती त्याला यश म्हणते. तिची आई यशोधनराव म्हणते. लग्नाला नऊ महिने झाले होते आणि हा धन्या नावाचा माणूस तिला पहिल्यांदाच भेटत होता. आणि कळस म्हणजे घरी हा बिनसाखरेचा चहा पितो! सुनीतीनेच सोडायला लावलेली. इथे मात्र त्याने ढवळला, एक घोट घेतला, आणि त्याचा चेहरा असा झाला, असा निवांत, की सुनीतीच्या पोटात कोणीतरी मिरची ठेचली.

थांबा, आधी घोळ काय झाला होता ते सांगते, नाहीतर तुम्हाला पुढचं कळायचं नाही.

सुनीती जन्मली इथेच. आईबाबा दोघं डॉक्टर, घर एजवेअरला. ती स्वतः राउंडअबाउटांच्या, म्हणजे गोल चौकांच्या, बेसिंगस्टोकला आयटीत, तिथेच मॉर्गेजवर दोन खोल्यांचा फ्लॅट. यशोधन आला मास्टर्सला, मग शिक्षणानंतरचा तो दोन वर्षांचा व्हिसा, मेडनहेडच्या एका कंपनीत टेस्टर. मराठी मंडळाच्या दिवाळी पार्टीत दोघं भेटले. हा चकल्यांच्या ताटाजवळून हलत नव्हता आणि हिच्या आईने केलेल्या होत्या चकल्या, पुढचं काय सांगायचं. लग्न ठरलं. व्हिसा जूनमध्ये संपत होता, मुहूर्त निघाला एप्रिलचा. म्हणजे आरामात वेळ होता, असं सगळ्यांना वाटलं.

मधुमतीकाकूंनी, म्हणजे सुनीतीच्या आईने, हौस म्हणजे किती हौस केली! हॉल घेतला, लेस्टरहून गुरुजी आणले, अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी, पंगतीत मठ्ठा. कोणीतरी विचारलं, "काकू, रजिस्ट्रेशनचं काय?" तर काकू म्हणाल्या, "अगं ते काय, नंतर होतं. आमच्या लग्नानंतर सहा महिन्यांनी आम्ही पुण्यात ऑफिसात गेलो, लग्नपत्रिका दाखवली, फोटो दाखवला, गुरुजींची सही होती, त्यांनी दिला शिक्का मारून."

झालं. काकूंना वाटलं मुलांनी गूगल केलं असेल. सुनीतीला वाटलं लग्नातलं आईला कळतं. आणि यशोधनला वाटलं सुनीती इथेच जन्मलेली, हिला इथले नियम माहीत नसतील तर कोणाला!

जूनच्या सुरुवातीला दोघं कौन्सिलच्या ऑफिसात गेले. सोबत ती सोनेरी गणपतीची पत्रिका, भला मोठा अल्बम, वर गुरुजींचा मोबाईल नंबर. काउंटरवरची बाई इतकी गोड, तिने अल्बम शेवटच्या पानापर्यंत पाहिला. शालूला "गॉर्जस" म्हणाली, मुंडावळ्यांना "ओह, हाऊ लव्हली" म्हणाली. मग अल्बम मिटला आणि हसून विचारलं, "तर मग, लग्न कधी करायचंय तुम्हाला?"

आहे की नाही! दोनशे माणसं जेवून गेली आणि इंग्लंडच्या कायद्याने दोघं अजून बिनलग्नाचेच. आता आधी नोटीस द्या, मग थांबा, मग कायद्याचं लग्न, मग सर्टिफिकेट. व्हिसा तर पुढच्याच आठवड्यात संपत होता. यशोधनने त्या रात्री तिकीट बघून ठेवलं होतं. म्हणाला, "मी जातो वेळेत, तिकडून सगळं रीतसर करू." सुनीती म्हणाली, "डोन्ट बी सिली. थांब ना. होईल काहीतरी."

काहीतरी झालं नाही. व्हिसा संपला, त्याबरोबर नोकरी गेली, आणि आपला यशोधन झाला ओव्हरस्टेअर. मंडळात सांगितलं, "वर्क फ्रॉम होम करतोय." काकूंना वाटलं, गप्प बसलं की निस्तरेल. असे सात महिने गेले, तेव्हा कुठे ते दोघं वरदाच्या जिन्यावर.

वरदाने सगळं ऐकलं. हसली नाही, ओरडली नाही. अल्बमची गोष्ट ऐकताना ओठ दाबले थोडे, तेवढंच. मग म्हणाली, "दोन रस्ते आहेत. एक, इथेच राहून अर्ज. पण त्यासाठी आधी इथे कायद्याचं लग्न, आणि याच्याकडे व्हिसा नाही म्हटल्यावर ती नोटीस होम ऑफिसकडे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या खात्याकडेच, जाणार. बरं, लग्न झालं, तरी ओव्हरस्टेअरला बायकोच्या नावावर सहजासहजी व्हिसा देत नाहीत. तुम्ही दोघं भारतात एकत्र राहूच शकत नाही, इतकी मोठी अडचण आहे, हे सिद्ध करावं लागतं. मूल नाही, आजारपण नाही. अवघड आहे. मिळालाच तर इथलं कायमचं राहणं पक्कं व्हायला दहा वर्षं."

"आणि दुसरा?" यशोधनने विचारलं.

"दुसरा सरळ. तू स्वतःहून, स्वतःच्या तिकिटाने पुण्याला जा. सुनीती तिकडे येईल, रजिस्टर लग्न करा, तिथून स्पाउस व्हिसाचा अर्ज. ओव्हरस्टे लपवायचा नाही, खरंखरं सांगायचं. स्वतःहून गेलास तर नवराबायकोच्या अर्जात तेवढ्यावरून बंदी घालत नाहीत. हिचा पगार पुरेसा आहे. चारसहा महिने लागतील, पण रस्ता सरळ आहे. धन्या, तू जा."

परत धन्या. आणि 'तू जा' म्हणताना कसं म्हणाली! जसं काही दळण आणायला पाठवतेय.

दोघांचं मराठी म्हणजे असं सुसाट, कोणाचं वाक्य कुठे संपलं तेच कळेना. मध्येच वरदा काहीतरी कॉलेजच्या कँटीनवाल्याबद्दल बोलली आणि यशोधन खो खो हसला. सुनीतीला शब्द कळले सगळे, पण हसायचं कुठे ते कळलं नाही. ती उशिरा हसली. उशिरा हसलेलं माणूस कसं दिसतं माहितीये ना.

मग वरदाने पेन खाली ठेवलं. "एक सांगते. तुमची केस मी नाही घेणार, शशी घेईल, माझी सिनियर. मी आज ओळखीखातर बसले. कारण तुला माहितीच आहे."

"काय कारण?" सुनीती म्हणाली.

यशोधनला अचानक कपाच्या तळात भयंकर इंटरेस्ट आला.

"अरे!" वरदा त्याच्याकडे बघत म्हणाली. "सांगितलं नाहीस हिला?" मग सुनीतीकडे वळली, अगदी सरळ. "आम्ही तीन वर्षं एकत्र होतो, कॉलेजात. केव्हाच संपलं. पण मी केस घेणं बरोबर नाही, म्हणून."

आणि जिन्यापर्यंत सोडायला आली, तेव्हा अजून एक बॉम्ब टाकला बाईने. "फेब्रुवारीत मी पण पुण्यात असेन, चुलतभावाचं लग्न आहे. काही अडलं तर सांगा."

गाडी सुनीती चालवत होती. एम ट्वेंटी फाइव्हला ट्रॅफिक असा तुंबलेला की भांडायला भरपूर वेळ.

"कॉलेजमधली ओळखीची?"

"अगं, ओळखीचीच ना आता."

"तीन वर्षं ओळख करत होता तुम्ही?"

"सुनी, ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीची आहे."

"धन्या कोण आहे?"

"मीच. कॉलेजात सगळे म्हणायचे."

"मग मला का नाही सांगितला? मी पण म्हटली असती."

"तुझ्या तोंडी बरं नाही वाटणार ते."

झालं! असं कोणी बोलतं का? तो बिचारा म्हणत होता की तुझं 'यश' मला आवडतं. पण ते त्याने दोन जंक्शननंतर सांगितलं, तोवर काय उपयोग. सुनीतीने इंडिकेटर असा खाडकन दिला की तुटायचाच बाकी.

"ती तुला पुण्याला का पाठवते, कळतंय मला. ती पण तिकडेच असणार."

"अगं तिच्या भावाचं लग्न आहे!"

"मोठा सिटी आहे ना पुणे? इतक्या लोकांमध्ये तिच्याच भावाचा लग्न आहे फेब्रुवारीत?"

यशोधन गप्प बसला. सुनीतीला वाटलं, गप्प बसला म्हणजे काहीतरी आहे. तुम्ही हसताय, पण तुम्हाला नाही असं झालं कधी? एकदा मनात किडा शिरला की माणूस बोललं तरी संशय, गप्प बसलं तरी संशय.

दुसऱ्या दिवसापासून तिने ठरवलं. पुणे नाही. इथूनच अर्ज. दहा वर्षं लागली तर लागू देत. यशोधनला विचारलं, तर तो कांदा चिरत होता, मान वर न करता म्हणाला, "तू म्हणशील तसं." पूर्वी हा कशालाच असं म्हणायचा नाही, पडद्याच्या रंगावरून दोन तास वाद घालायचा. पण सुनीतीला ते वाक्य ऐकून इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं! तिने त्याच्या गालाचा मुका घेतला, कांद्यासकट.

शशीशी कॉल झाला लंचटाइमला. सुनीती ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून, यशोधन घरून. शशी साठीची बाई, बडोद्याची, आवाज थंडगार.

"तुम्ही भारतात जाऊन यांच्यासोबत का राहू शकत नाही?" तिने इंग्लिशमध्ये विचारलं.

"माझी नोकरी आहे इथे."

"आयटी ना? तिकडे नाही का आयटी?"

"आईबाबा आहेत."

"तब्येत?"

"चांगली आहे, मॅडम. बाबा गोल्फ खेळतात."

"हं. अजून?"

"लँग्वेज. माझा मराठी तेवढा चांगला नाही."

शशी म्हणाली, "मी कॉलवर आधीच आले होते आणि तुमचा माइक चालू होता. मला मराठी समजतं. तुम्ही यांच्याशी पाच मिनिटं अस्खलित भांडत होतात."

यशोधन खोकला. खोकला कसला, हसूच होतं ते. सुनीतीचे कान लाल.

"मॅडम नाही, नुसतं शशी म्हणा," ती पुढे म्हणाली, "आणि खरं सांगते, गैरसोय सगळ्यांनाच होते. गैरसोय म्हणजे अशक्य नव्हे. इथून नकार आला तर यांना जावंच लागेल, आणि मग स्वतःहून गेले असंही म्हणता येणार नाही. तरी इथूनच करायचं असेल तर करू, तुमची इच्छा. पण मला खरं कारण लागेल. विचार करून सांगा."

खरं कारण! खरं कारण एकच होतं आणि ते होम ऑफिसला सांगण्यासारखं नव्हतं. तिकडे वरदा आहे. तिकडे ते कँटीन आहे. तिकडे धन्याला ओळखणारी शंभर माणसं आहेत आणि यशला ओळखणारं कोणी नाही.

आणि मग आलं मंडळातल्या शिल्पाचं हळदीकुंकू, मेडनहेडला. शिल्पा सगळ्यांना बोलावते, लग्न झालेल्या, न झालेल्या, मोडलेल्या, तिला फरक पडत नाही. सुनीती साडी नेसून गेली, यशोधनने निऱ्या धरून दिल्या होत्या. दारात चपलांचा ढीग, आत तिळगुळाचा वास, आणि सोफ्यावर, हातात वाण घेऊन बसलेली कोण? वरदा! हिरवी पैठणी, नाकात छोटी नथ, आजूबाजूला चार बायका आणि सगळ्या तिच्याकडे बघून हसतायत. मस्तच दिसत होती. सुनीतीच्या साडीची एक निरी तेवढ्यात सुटली. सुटणारच.

बायकांनी सुनीतीला घेरलं. नवीन लग्न, पहिलं हळदीकुंकू, उखाणा घ्यायलाच पाहिजे. सुनीती म्हणाली, "मला नाही येत." त्यातली तनिषा म्हणाली, "नाही कसं येत, काकूंची मुलगी तू!" आता गंमत अशी की सुनीतीला येत होता. आदल्या रात्री वरदाही येणार हे ग्रुपवर वाचून तिने आईला फोन करून यमक जुळवून घेतलं होतं. ती उभी राहिली, पदर सावरला, आणि अगदी सोफ्याकडे बघत म्हणाली,

"बेसिंगस्टोकची राउंडअबाउट, एक संपलं की दुसरं,
यशोधनचं नाव घेते, आमच्यात नको तिसरं!"

अय्या! बायका नुसत्या किंचाळल्या. शिल्पाने टाळी दिली. तनिषा म्हणाली, "अगं हिला कसलं तिसरं! हिचा नवरा दिवसभर घरी, गरम पोळ्या करून ठेवतो, निऱ्या धरून देतो. आमच्या नवऱ्यांना कुठे बांधायचं सांग, आम्ही पण दावं आणतो!"

सगळ्या हसल्या. सुनीती तर सगळ्यात मोठ्याने हसली. म्हणाली, "सोप्पं आहे, किल्ली आपल्याकडे ठेवायची." अजून हशा. एकटी वरदा हसली नाही. ती नुसती सुनीतीकडे बघत होती, आणि तिच्या बघण्यात राग पण नव्हता. तेच तर सहन होईना.

थोड्या वेळाने सुनीती वरच्या खोलीत कोट शोधायला गेली, बेडवर कोटांचा हा डोंगर. मागोमाग वरदा आली. दार लोटलं.

"उखाणा माझ्यासाठी होता ना?"

सुनीतीने खोटं बोलायचा प्रयत्न केला, जमलं नाही. "हो."

"चांगला होता. यमक काकूंचं वाटतं."

"मला पण येतं यमक."

"बरं." वरदा कोटांच्या डोंगरावर एका कडेला टेकली. "शशीने मला केसमधलं काही सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण धन्या अजून इथेच आहे म्हणजे तू पुण्याला नाही म्हणालीस, एवढं मलाही कळतं. माझ्यामुळे?"

"तू फेब्रुवारीत तिकडे असणार."

"नाही असणार." वरदाने फोन काढला. "चुलतभाऊच आहे, व्हिडिओवर बघेन लग्न. तिकीट आत्ता, तुझ्यासमोर रद्द करते. मग पाठवशील?"

आणि तिने खरंच ते पान उघडलं, अंगठा वर धरला, आणि वाट बघत बसली.

आता बघा. इतके दिवस सुनीतीला हेच तर हवं होतं. वरदा पुण्यात नको. वरदा म्हणतेय, घे, नाही जात. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आणि सुनीतीच्या तोंडून 'हो' निघेना. ती कोटाची बाही धरून उभी. वरदा पुण्यात असो, लंडनला असो, चंद्रावर असो, यशला पाठवायचं नव्हतंच तिला. तिकडे त्याची आई असेल, मित्र असतील, कँटीन असेल, तो बाइक काढेल, कुठेही जाईल, कोणाशीही हसेल आणि हिला कळणारही नाही. इथे कसं, काम नाही, पैसे नाहीत, पोलिसाची गाडी दिसली तरी गल्ली बदलतो. ऑफिसात बसल्या बसल्या दिवसातून वीसदा ती मॅपवर त्याचा निळा ठिपका बघायची. ठिपका घरीच. नेहमी घरीच. आणि दरवेळी तिला छान वाटायचं.

छान वाटायचं! तिला ते आठवलं. ती पण बसली कोटांवर.

"नको रद्द करूस," ती म्हणाली.

"मग?"

"तू जा लग्नाला. तुझ्यामुळे नाहीये ते."

वरदाने फोन पर्समध्ये टाकला. शहाणी आहे. फक्त उठताना म्हणाली, "तुझा कोट निळा ना? मी त्याच्यावर बसलेय बहुतेक."

सुनीती घरी पोचली तर यशोधन दारातच उभा. अंगात जाकीट.

"आलीस? मी जरा कॅनॉलपर्यंत चालून येऊ का? अर्ध्या तासात येतो."

साधंच वाक्य ना? रोजच विचारायचा बहुतेक. पण त्या दिवशी सुनीतीला ते ऐकू आलं. सत्तावीस वर्षांचा माणूस, पडद्याच्या रंगावरून दोन तास भांडणारा, बायकोला विचारतोय, चालून येऊ का. आणि उत्तराची वाट बघत जाकिटाची चेन वरखाली करतोय.

"यश, आत ये," ती म्हणाली. "तिकीट काढूया."

"कसलं?"

"तुझं. पुण्याचं."

"वरदा काही बोलली का?"

"तिचा नाव नको घेऊस. म्हणजे घे, पण आत्ता नको."

"सुनी, खरं सांग, काय झालं?"

मग ती रडली, साडी, नथ, सगळ्यासकट. आणि सांगितलं. जूनमध्ये तो जात होता तेव्हा थांबवलं ते त्याच्या भल्यासाठी नव्हतं, ठिपका घरी दिसला की बरं वाटतं, पोळ्या गरम असतात म्हणून नाही, तो कुठे जाऊ शकत नाही म्हणून बरं वाटतं. असं सगळं मोडक्यातोडक्या मराठीत आणि उरलेलं इंग्लिशमध्ये.

यशोधन चिडेल असं तिला वाटलं होतं. चिडला पण. मोठ्याने नाही. खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटायचं मीच घाबरट आहे. वेळेत गेलो नाही तो मी घाबरलो म्हणून."

"नाही. मी."

"दोघंही," तो म्हणाला. "पण तू जास्त." आणि एकटाच कॅनॉलवर गेला. अर्ध्या तासात नाही आला. दोन तासांनी आला. सुनीतीने मॅप उघडला नाही, फोन फ्रीजवर ठेवून दिला आणि नखं खात बसली, पण उघडला नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिकीट निघालं. शशी म्हणाली, बरं केलंत. मधुमतीकाकू म्हणाल्या, परत लग्न म्हणजे परत शालू घ्यावा लागेल, त्यांना आता कोण समजावणार.

हीथ्रोला सुनीती सोडायला गेली. गाडीत तिने नियम सांगायला सुरुवात केली होती, रोज फोन, रात्री व्हिडिओ, कॉलेजच्या ग्रुपचे फोटो टाकायचे नाहीत. तो ऐकत होता. मग म्हणाला, "आणि वरदा भेटली तर?"

"भेट."

"नक्की?"

"नक्की नाही. पण भेट."

"साखर घालू का चहात?"

"मर तू," सुनीती म्हणाली. आणि दोघं हसले, पण त्याचं हसू आधी थांबलं.

आत जाताना काय विचारतील याची त्याला भीती होती. तिने त्याचे हात धरले, मग सोडले. त्याच्या पुढे रांगेत एक बाई होती, पस्तिशीची असेल, दोन मोठ्या बॅगा, कडेवर मूल. तिची एक बॅग कलंडली. यशोधनने पटकन उचलली. ती बाई काहीतरी म्हणाली, हा काहीतरी म्हणाला, आणि मग हसला.

तसा हसला गं. मान मागे टाकून, खो खो. आठ महिने घरात ऐकू न आलेलं हसू, आणि ते गेलं कोणाला? रांगेतल्या एका अनोळखी बाईला! सुनीतीच्या अंगाचा नुसता जाळ झाला. तिला वाटलं, हाक मारावी. अजून आवाज पोचेल एवढ्या अंतरावर होता तो. तोंड उघडलं पण होतं तिने.

रांग पुढे सरकली. त्याने त्या बाईची बॅग ढकलली, मग आपली ढकलली, बोलत बोलत वळणावरून दिसेनासा झाला. मागे वळून बघायचं राहूनच गेलं त्याच्याकडून.

सुनीती तिथेच उभी होती, तोंड उघडं, जळत, आणि हाक न मारता.